शुद्धो मंत्राची पंधरा मिनिटं

शुक्रवारची सकाळ होती आणि टेंभरपाड्याच्या अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. खोली सहा संगणकांची. आत सत्तर-ऐंशी माणसं, खिडकीचे गज धरून बाहेर उभी असलेली वेगळी. साक्रीहून दोन गाड्या भरून आल्या होत्या. पहिल्या दोन संगणकांना झेंडूचे हार आधीच्या शुक्रवारीच पडले होते, आज तिसऱ्याची पाळी होती. त्याच्या पडद्यावर हळदकुंकू लागलं होतं आणि माउसवर दूर्वांची जुडी वाहिलेली होती. उंदीर हे कोणाचं वाहन, हे महाराजांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

योगराज महाराज खुर्चीवर मांडी घालून बसले होते. वय पस्तिशीचं, दाढी नवीन, अंगावर पिवळी शाल. दोन वर्षांपूर्वी हेच योगराज जीन्स घालून चाळीसगावहून आले होते आणि ही सहा यंत्रं त्यांनीच इथे जोडून दिली होती. तेव्हा त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. मधल्या काळात त्यांना एका डोंगरावर साक्षात्कार झाला, असं ते सांगत. डोंगरावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

"यंत्र काय म्हणतं, वाचा," महाराज म्हणाले.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी एका सुरात वाचलं, "परवानगी नाकारली."

"कोणी नाकारली?"

उत्तर महाराजांनीच दिलं.

"या जागेच्या मूळ मालकाने. यंत्राच्या शास्त्रातसुद्धा त्याला 'मूळ' असंच म्हणतात. पुण्याच्या कुठल्याही इंजिनियरला विचारा. मूळ प्रसन्न नाही, तोवर पान हलत नाही."

हे त्या सकाळचं त्यांचं एकमेव खरं वाक्य होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मूळ मालक म्हणजे म्हसोबाच, असं सगळ्यांनी धरलं, कारण अभ्यासिका बांधताना इथला म्हसोबाचा दगड दहा पावलं पलीकडे, कडुनिंबाखाली हलवला होता. हलवताना कोणाची हरकत नव्हती. आता मात्र ज्याला-त्याला आठवत होतं की आपलं मन तेव्हाच कचरलं होतं.

दाराच्या चौकटीला टेकून ज्योत्स्ना हे ऐकत होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी दोन तास अभ्यासिका सांभाळायची. गावातल्या नऊ मुली टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार होत्या. परीक्षा धुळ्याला, महिन्याभरावर. सरावाचं सॉफ्टवेअर ज्योत्स्नाने स्वतः पेनड्राइव्हवर आणलं होतं. ते बसवायला गेलं की सहाही यंत्रं एकच उत्तर द्यायची, परवानगी नाकारली. या यंत्रांवर लिनक्स नावाची प्रणाली होती. ती फुकट मिळते म्हणून यंत्रं देणाऱ्या संस्थेने तीच घातली होती. ज्योत्स्नाला तिच्यातलं फार कळत नव्हतं. तिने सरळ योगराजला फोन लावला होता. फोनवरचा आवाज म्हणाला, "मॅडम, हे आता फोनवर होणारं काम राहिलं नाही. मी शुक्रवारी येतो." आणि शाल पांघरून ते आले.

महाराजांनी शाल डोक्यावरून ओढली, कीबोर्डही झाकला. आत बोटं खडखडली. मग शाल बाजूला करून ते म्हणाले, "आता बघा. मी मंत्र टाइप करतो. शुद्धो."

पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक ओळ उमटली. मग महाराजांची बोटं पुन्हा चालली. सर्वांना दिसेल अशी, चांगली आठ-दहा वेळा. पडद्यावर मात्र एकही अक्षर आलं नाही.

"दिसतं काही?"

"नाही," लोक म्हणाले.

"दिसणारही नाही. ही अक्षरं देव वाचतो."

त्यांनी एंटर दाबलं आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. बायकांनी डोळे मिटून हात जोडले. सरावाचं सॉफ्टवेअर बसलं होतं.

"ही माझी शक्ती नाही," महाराज म्हणाले. "शुद्ध माणूस कोणीही चालेल. झुलाल नाना, या."

झुलाल नाना बहात्तर वर्षांचे. त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता. "मी ते सकायपाईन पानी बी नही पिनू," सकाळपासूनचा निर्जळी उपास सांगत ते म्हणाले. महाराजांनी त्यांचं बोट धरून वर जाणाऱ्या बाणाच्या कळीवर ठेवलं. मंत्राची ओळ आपोआप पडद्यावर उमटली. नानांनी एंटर दाबलं आणि पुन्हा ओळी धावल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं ते पाणी खरं होतं, एवढं ज्योत्स्नालाही कबूल करावं लागलं.

मग आरती झाली. आरत्या पाच, नंतर मंत्रपुष्पांजली, नंतर सावकाश प्रसाद. सगळं आटोपल्यावर महाराजांची नजर खोलीभर फिरली आणि मोनालीवर थांबली. मोनाली वीस वर्षांची. नऊ जणींत तिचाच हात सर्वांत वेगात चालायचा, आणि गेल्या आठवड्यात "मंत्राचा अर्थ काय" असं तिने महाराजांना विचारलं होतं.

"ये, तूही दाबून बघ."

मोनालीने बाण दाबला, एंटर दाबलं. ओळी धावल्या नाहीत. एकच बारीक ओळ आली आणि कर्सर लुकलुकत उभा राहिला.

महाराजांनी डोळे मिटले. "बाळ, अडचणीची आहेस का?"

ऐंशी माणसं तिच्याकडे बघत होती. मोनाली "नाही" म्हणाली, आणि ते कोणालाही खरं वाटलं नाही. तिची आजी यशोदाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि नातीला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

त्याच दिवशी नियम ठरला. मुलींनी महिन्याचे चार दिवस अभ्यासिकेत पाऊल ठेवायचं नाही, आणि शंका नको म्हणून हजेरीच्या वहीत तशी खूण करायची. वही ज्योत्स्नाच्या ताब्यात होती. ती खूण तिनेच केली. निळ्या पेनाने, गोल करून. विज्ञानाच्या शिक्षिकेने आपण हे काय करतोय हे स्वतःला विचारायला हवं होतं. पण तिची नोकरी कंत्राटी होती, गाव महाराजांच्या बाजूने होतं, आणि मुलींना सराव मिळतोय ना, मग थोडं चालवून घेऊ, असं तिने मनाशी म्हटलं.

सरावही मिळत नव्हता. सोमवारी मुली बसल्या तर धडे चालत, पण गुण साठवले जात नसत. पुन्हा तेच, परवानगी नाकारली. महाराजांनी निरोप पाठवला की पोरींचा विटाळ अजून उतरलेला नाही. मग नऊपैकी पाच जणींना घरच्यांनी यायलाच बंदी केली. आणि पुढच्या शुक्रवारच्या ग्रामसभेत मांडायला एक ठराव तयार झाला. अभ्यासिकेची खोली देवाची असल्यामुळे ती महाराजांच्या मठाला द्यावी, यंत्रांसकट.

रविवारी दुपारी मोनाली ज्योत्स्नाच्या घरी आली. बसली नाही.

"मॅडम, त्या दिवशी मला काही नव्हतं. तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

"वाटतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ज्योत्स्ना उठली, अभ्यासिकेची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल."

खोलीत दोघीच होत्या. मोनालीने ती चार अक्षरं लक्षात ठेवली होती. तिने ती टाइप केली, एस, यू, डी, ओ. "शुद्धो नाही मॅडम. सुडो आहे." लिनक्सची एक गंमत अशी की प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका यंत्राच्या आतच असते, आणि ती वाचायला कोणाचीच परवानगी लागत नाही. मोनालीने ती उघडली. इंग्रजी जड होतं. दोघी शब्दकोश घेऊन ओळीमागून ओळ लावत बसल्या. चार वाजता ज्योत्स्नाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "परवा नानांनी कळ दाबली तेव्हा आणि तू दाबलीस तेव्हा, मधे किती वेळ गेला असेल?"

"पाच आरत्या," मोनाली म्हणाली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ज्योत्स्ना सरपंच पुष्पाबाईंकडे गेली. पुष्पाबाई ओट्यावर लसूण निवडत होत्या. ज्योत्स्नाने त्या माहितीपुस्तिकेतलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, उद्या विधी नेहमीसारखा होऊ द्या. फक्त आरती मागून घ्या, आणि आधी मला दोन माणसांच्या हातून कळ दाबून घेऊ द्या."

पुष्पाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आरतीनं काय शे, मागून करू," त्या म्हणाल्या. "पन मॅडम, तुम्ही पडला ते मी हात देवाले येनार नही."

"चालेल," ज्योत्स्ना म्हणाली.

शुक्रवारी महाराज चौथ्या यंत्रासमोर बसले. शाल, खडखड, शुद्धो, न दिसणारी अक्षरं. ओळी धावल्या. झुलाल नानांनी बाण दाबला, एंटर दाबलं, ओळी धावल्या. आरती म्हणणाऱ्या पुजाऱ्याने घंटा उचलली तोच पुष्पाबाई म्हणाल्या, "थांब. आरती मागून."

महाराजांचा चेहरा जरासा बदलला. "विधीचा क्रम मोडत नाहीत, अक्का."

"देव पाच मिनिटं थांबेल की," ज्योत्स्ना पुढे येत म्हणाली. "मोनाली, ये."

मोनाली गर्दीतून आली. महाराजांनी हात आडवा केला. "ही मुलगी शुद्ध आहे याची खात्री कोण देतो?"

"कोणीच नाही," मोनाली म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण खोली इतकी शांत झाली होती की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. "आज माझा दुसरा दिवस आहे."

यशोदाबाईने कपाळाला हात लावला. दोन-तीन म्हातारी माणसं दाराकडे सरकली. मोनालीने तोवर बाण दाबला होता आणि एंटरही. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या, नानांच्या वेळी धावल्या होत्या तशाच, एकही कमी नाही.

महाराजच पहिल्यांदा सावरले. "माझा आशीर्वाद अजून खोलीत आहे. म्हणून देवाने पदरात घेतलं."

"बरोबर," ज्योत्स्ना म्हणाली. "आशीर्वाद किती वेळ टिकतो, तेच बघायचं आहे. आता वीस मिनिटं कोणी यंत्राला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही. मग पुन्हा झुलाल नाना कळ दाबतील. नाना, तुम्ही तर शुद्ध आहात ना?"

"मी उपाशी शे," नाना म्हणाले. त्यांच्या मते हे पुरेसं होतं.

महाराजांना एकाएकी धुळ्याला एक महत्त्वाचं काम आठवलं. पुष्पाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे ते पुन्हा विसरलं. वीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, पण नुसतं बसून काढायची म्हटली की ती फार लांबतात. कोणीतरी चहा मागवला. चमत्कार बघायला आलेले लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, आणि बऱ्याच जणांना आयुष्यात पहिल्यांदाच देवळाबाहेर एवढं गप्प बसावं लागलं.

वेळ झाली. नानांनी यंत्राला नमस्कार केला, बाण दाबला, एंटर दाबलं.

ओळी धावल्या नाहीत. एक बारीक ओळ आली आणि कर्सर लुकलुकत राहिला.

नानांनी पुन्हा दाबलं. ते घाबरून महाराजांकडे बघायला लागले. "मनं काही चुकनं का?"

"नाना, तुमचं काही चुकलेलं नाही," ज्योत्स्ना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "त्या दिवशी मोनालीचंही चुकलं नव्हतं. आबा, जरा पुढे येता? ही ओळ वाचा."

सुकदेव आबा तहसील कचेरीतून अभिलेखपाल म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची बारीक अक्षरं वाचली होती. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले, आणि नोंद वाचून दाखवावी तशा सुरात म्हणाले, "इंग्रजीत आहे. पासवर्ड द्या, असं म्हणतंय. योगराजचा पासवर्ड."

"कोणाचा?"

"योगराजचा. स्पष्ट लिहिलंय."

प्रत्येक शुक्रवारी ती ओळ पडद्यावर येत होती. पण ती बारीक आणि इंग्रजीत होती, आणि लोकांचे डोळे महाराजांच्या बोटांवर असायचे.

"महाराज," पुष्पाबाई म्हणाल्या, "आते सांग, हाई नाव कोननं शे?"

महाराज शालीचं टोक बोटांभोवती गुंडाळत राहिले.

मग ज्योत्स्नाने सगळं सांगितलं. फळ्यावर नाही, यंत्रासमोर उभं राहून. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरचा एक मालक असतो, आणि सगळ्यांच्या वर एक मुख्य मालक असतो, त्याला रूट, म्हणजे मूळ, म्हणतात. नवीन सॉफ्टवेअर बसवायचं तर मूळचे अधिकार लागतात. ही काही वाईट सोय नाही. उद्या कोणी भलतंसलतं आत घालू नये म्हणून ते कुलूप आहे. सुडो म्हणजे तात्पुरते ते अधिकार मागणं. तेव्हा यंत्र पासवर्ड विचारतं, आणि पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, कारण मागे उभ्या असलेल्याने ती वाचू नयेत. एकदा पासवर्ड बरोबर दिला की यंत्र साधारण पंधरा मिनिटं पुन्हा विचारत नाही. तेवढ्या वेळात कोणीही कळ दाबली तरी चालतं. उपाशी माणसाने दाबली तरी आणि मोनालीने दाबली तरी. पंधरा मिनिटं होऊन गेली की कोणाचंच चालत नाही. आणि बाणाची कळ मागची ओळ परत आणते, एवढंच तिचं काम.

"पाच आरत्यांना किती वेळ लागतो, तो आता मोजा," ती म्हणाली. "शालीखाली हे स्वतःच्या नावाने आत शिरायचे. दोन वर्षांपूर्वी यंत्रं जोडताना सगळे अधिकार यांनी स्वतःच्या नावावर ठेवले आणि किल्ली गावाला दिलीच नाही. मुलींचे गुण ज्या फोल्डरमध्ये साठायचे, त्याचीही मालकी यांच्याच नावावर ठेवली. मोनाली, दाखव."

मोनालीने एक छोटी आज्ञा दिली. यादी आली, आणि प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी तेच नाव होतं. सुकदेव आबांनी ती यादीही शेवटपर्यंत वाचली. अकरा वेळा योगराज.

"भाऊ," आबा शांतपणे म्हणाले, "आमच्या कचेरीतही एक जण कपाटाची किल्ली खिशात ठेवून फाइल सापडत नाही म्हणायचा. पण त्याने कधी देवाचं नाव घेतलं नाही."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. ते हसू महाराजांना शिव्यांपेक्षा जड गेलं असावं. कारण पुष्पाबाईंनी कागद पुढे करताच त्यांनी निमूट पासवर्ड लिहून दिला. मोनालीने तो तिथेच बदलला, अभ्यासिकेच्या नावाने नवं खातं केलं, त्याला अधिकार दिले आणि मुलींचं फोल्डर मुलींच्या नावावर केलं. एकेका यंत्राला सात मिनिटं लागली. पोलिसांत द्यायचा अर्ज सुकदेव आबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला आणि पहिली सही यशोदाबाईने केली. मग ती नातीच्या जवळ गेली, आणि तिचा पदर बराच वेळ डोळ्यांना होता.

मठाचा ठराव कोणी मांडलाच नाही.

झुलाल नाना अजून खुर्चीवरच बसून होते. "मॅडम," त्यांनी विचारलं, "मंग म्हसोबा काहीच बोलना नही का?"

"नाही नाना. म्हसोबा काहीच बोलला नाही. त्याच्या नावाने दुसराच बोलत होता. तुम्ही कडुनिंबाखाली दिवा लावता तो लावा, मी त्याबद्दल एक शब्द काढणार नाही."

"आनि मॅडम, तुम्ही?" पुष्पाबाई मधेच म्हणाल्या. "वहीत खुना ते तुम्हीच करेल शेतीस."

हे येणार हे ज्योत्स्नाला माहीत होतं.

"हो, मीच केल्या," ती म्हणाली. "योगराजला निदान ठाऊक होतं की आपण खोटं बोलतोय. मला विज्ञान येत होतं, तरी मी गप्प बसले. त्याने यंत्राची परवानगी अडवली, मी या मुलींना दारात अडवलं. म्हणून सांगते, यापुढे कोणी म्हणालं की अमक्या गोष्टीला परवानगी नाही, तर त्याला दोन प्रश्न विचारा. कोणी नाकारली? आणि ते तुम्हाला कसं कळलं? देवाचं नाव सांगितलं तरी विचारा, सरकारचं सांगितलं तरी विचारा, माझं सांगितलं तर आधी विचारा. उत्तर खरं असेल तर विचारल्याने त्याचं काही बिघडत नाही. आणि बिघडलं, तर ते खरं नव्हतं."

परीक्षा पुढच्या महिन्यात धुळ्याला झाली. नऊही जणी बसल्या, सात पास झाल्या. नापास झालेल्या दोघींना गावात ज्याने-त्याने कारण विचारलं. दोघींनी एकच सांगितलं, सराव कमी पडला.